फोनवर न सांगण्यासारखं

चाचांच्या दुकानातून डिस्क नेणं सोपं होतं. परत करणं महाकठीण. तुम्ही डिस्क काउंटरवर ठेवली की चाचा तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. समोरचं प्लास्टिकचं स्टूल पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "बस. बोल." पिक्चर कसा वाटला हे सांगितल्याशिवाय डिस्क जमा होत नसे. घाई आहे, गॅसवर दूध आहे, रिक्षा थांबवलीय, काहीही सांगा, उपयोग नाही. एका डॉक्टरीणबाईंनी चिडून डिस्क काउंटरवर आपटली आणि त्या निघून गेल्या. चाचांनी ती दुसऱ्या दिवशी त्यांच्या दवाखान्यात नेऊन दिली. मत राहिलंय म्हणाले.

पनवेलमध्ये तलावाजवळच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. कुवेतला अर्धं आयुष्य काढून परत आले आणि लोक किराणा नाहीतर कापडाचं दुकान टाकतात तिथे यांनी डिस्कची लायब्ररी टाकली. मी तेव्हा खारघरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि संध्याकाळी घरी जाताना तिथे डोकावायचे. माझं तोंड मुळात फटकळ. पिक्चरमध्ये अंतराळात स्फोट झाला आणि त्याचा धडाम असा आवाज आला की माझं डोकं फिरायचं, आणि ते फिरलेलं डोकं मी चाचांपुढे मोकळं करायचे. ते शांतपणे ऐकायचे. मग म्हणायचे, "चांगला की वाईट ते मला नको सांगू, बेटी. खुर्चीत पुढे कुठे सरकलीस ते सांग."

गंमत म्हणजे चाचा स्वतः एकही पिक्चर बघत नसत. दुकानात टीव्ही होता, प्लेअर होता, पण ती सगळी असिफची मालमत्ता. असिफ म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. तो बघायचा, बापाला सांगायचा आणि बाप गिऱ्हाइकाला सांगायचा. असिफ शारजाला नोकरीला गेला तरी हे चालूच राहिलं. तिथे इंग्रजी पिक्चर आधी लागायचे. शुक्रवारी नमाज झाली की तो फोन करायचा आणि चाचा दुकानात आलेल्या माणसाला हाताने थांबवून सगळी गोष्ट ऐकून घ्यायचे. चाची आतून ओरडायच्या, "त्याला जेवलास का ते तरी विचारा." चाचा ते शेवटी विचारायचे.

असिफचं आणि माझं एका पिक्चरवरून जमलं होतं. जुना पिक्चर, आमच्या दोघांच्याही जन्माच्या आसपासचा. अंतराळात एक रिकामं स्थानक तरंगतंय. आत दिवे चालू आहेत, टेबलावर ताटं वाढलेली आहेत आणि माणूस एकही नाही. ती माणसं कुठे गेली हे पिक्चर शेवटपर्यंत सांगतच नाही. आम्ही दोघांनी त्यावर तासन्‌तास वाद घातला होता. आणि मग इतक्या वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने त्याच्या आधीची गोष्ट काढली. ती माणसं कोण होती, ताटावरून का उठली, सगळं सांगणारी. जगभर दोन तट पडले. निम्मे लोक डोक्यावर घेऊन नाचले, निम्म्यांनी शिव्या घातल्या.

असिफने तो तिकडे पहिल्याच दिवशी पाहिला. शुक्रवारी फोन आला तेव्हा मी दुकानात होते. चाचांनी नेहमीसारखं विचारलं, "हां, बोल. कसा आहे?" मग बराच वेळ नुसते ऐकत राहिले. फोन ठेवला तेव्हा जरा नाराज दिसले. "फोनवर नाही सांगत म्हणाला. डिस्क निघेल तेव्हा सुट्टीवर येतो, आपण शेजारी शेजारी बसून बघू, मग सांगतो म्हणाला." मी म्हटलं, बरंय, मलाही आधी कळलेलं नको.

डिस्क निघाली त्याच्या आधीच असिफ गेला. साइटवर माणसं नेणारी कंपनीची गाडी उलटली. माती तिकडेच दिली. चाचांना मुलाचं तोंडही बघता आलं नाही. दुकान काही दिवस बंद राहिलं. उघडलं तेव्हा चाचा तेच होते, स्टूल तेच होतं, फक्त आवाज खाली गेला होता.

आणि मग ती डिस्क आली. काळं कव्हर, त्यावर ते स्थानक. मला वाटलं चाचा ती ठेवणार नाहीत. त्यांनी काउंटरवर सगळ्यात पुढे ठेवली आणि पहिली माझ्या हातात दिली. मी दुसऱ्या दिवशी परत केली तेव्हा असिफच्या विचाराने गप्प राहायचं ठरवून आले होते, पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. तोंडाचा पट्टा सुटलाच. म्हटलं, चाचा, वाट लावली त्यांनी. त्यातली माणसं शास्त्रज्ञ म्हणवतात आणि दिसेल त्याला हात लावतात. आणि कोडं होतं तेच छान होतं, ते सोडवायला कोणी सांगितलं होतं यांना? चाचांनी सगळं ऐकलं. पुढे कुठे सरकलीस हे विचारलं नाही. म्हणाले, "बेटी, त्यात असं काय आहे, जे फोनवर सांगता येत नाही?"

पुढचे कित्येक महिने ती डिस्क जो कोणी परत करायला येई त्याला हाच प्रश्न. कोणी म्हणे शेवट. कोणी म्हणे तो मारामारीचा सीन, डोळ्यांनीच बघायला हवा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मला मधेच झोप लागली. एका पोराने डिस्कवर जास्तीचे सीन आहेत, थिएटरात नव्हते, त्यांचं कौतुक सुरू केलं तर चाचांनी त्याला थांबवलं. "ते सोड. असिफने ते पाहिले नाहीत. थिएटरात होतं त्यातलंच सांग."

तळोज्याच्या केमिकल कंपनीत फिटर असलेले म्हात्रे होते, त्यांना पिक्चर भयंकर आवडला होता. पाळी सुटली की थेट दुकानात यायचे. "चाचा, एक नंबर हाय. मॅडमचा ऐकू नका. आमच्या प्लँटमधी पन असाच चालतो. वरच्या साहेबाला सगला म्हायत असतो, तो सांगत नाय, आनी खाली पोरं मरतात." बोलून गेले आणि मग त्यांचं त्यांनाच लक्षात आलं. मान खाली घालून कितीतरी वेळ डिस्कचं कव्हर पुसत बसले.

त्या दिवसापासून मला चाचांची भीती वाटू लागली. म्हणजे त्यांच्यासाठी भीती. प्रत्येक मत त्यांना आत कुठेतरी लागत होतं. म्हात्र्यांचं ऐकून त्यांच्या मनाने घेतलं की गाडी धड नव्हती, ब्रेक धड नव्हते, असिफला ते माहीत होतं आणि तेच सांगायचं होतं. मग कोणीतरी म्हणालं, यातला मुलगा बापावर चिडून स्थानक सोडून जातो, तो भाग काळीज हलवतो. झालं. चाचा दोन दिवस जेवले नाहीत असं चाची सांगत होत्या. मी विचारलं तेव्हा हळूच म्हणाले, "मागच्या ईदला तो म्हणत होता, अब्बा, नको वाटतं इथे, परत येऊ का. मीच म्हटलं, अजून दोन वर्षं काढ. घर बांधून होऊ दे. तो चिडला होता का गं माझ्यावर? पिक्चर दाखवून तेच सांगणार होता का?"

आतून चाचींच्या भांड्यांचा आवाज थांबला होता. त्या दुकानात तेव्हा आम्ही दोघंच होतो, पण मला सारखं वाटत होतं की स्टुलावर मी बसलेली नाही, दुसरंच कोणीतरी बसलंय आणि चाचा त्याला विचारताहेत. आणि भीती वाटली की मी चिडते, तशीच चिडले. म्हटलं, "चाचा, सगळ्या गावाची मतं ऐकून डोक्याचा भुगा करून घेतलात. एकदा स्वतः बघा ना. हवं तर मी बसते शेजारी." चाचा म्हणाले, "शेजारची जागा दिलेली आहे, बेटी."

पण बघितला त्यांनी. एका दुपारी मी लवकर सुटले होते. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि आतून पिक्चरचा आवाज येत होता. मी समोरच्या रसवंतीत जाऊन बसले. सिनेमातला तो मुलगा बापाला काय काय बोलतो ते मला पाठ होतं. आता ते चाचा ऐकणार. मीच त्यांना त्यात ढकललं होतं.

शटर वर गेलं. चाचा बाहेर आले, मला बघून हात केला. डोळे लाल होते, पण चेहरा मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता इतका मोकळा. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि पहिल्यांदाच स्वतः बोलू लागले.

"कळलं गं. त्यात एक माणूस आहे. तो दिसत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या शेजारी बसून बोलतो. पडद्यावर लोक रडतात, ओरडतात, याचा आवाज शांत. मधेच हसतो. हे बघा, आता असं होणार, हे असं का झालं, सगळं समजावतो. माझं इंग्रजी कामापुरतं, निम्मं कळलं नाही. पण सोडून गेला नाही तो. असिफ हेच म्हणत होता. शेजारी बसून सांगतो म्हणाला होता ना? हे फोनवर कसं सांगणार?"

मग माझं लक्ष काउंटरवरच्या रिमोटकडे गेलं. चाचाच म्हणाले, आवाज बारीक वाटला म्हणून ऑडिओ लिहिलेलं बटण दाबलं, मग नीट ऐकू आलं. त्या बटणाने आवाज मोठा होत नाही. असल्या डिस्कवर दिग्दर्शकाची कॉमेंटरी वेगळी ठेवलेली असते. तो आपलाच पिक्चर बघत बघत त्यावर बोलतो, आणि ते बटण दाबलं की सगळ्या पिक्चरभर त्याचं बोलणं ऐकू येतं. हिंदी पिक्चरच्या डिस्कमध्ये असली भानगड सहसा नसायची, आणि हा प्लेअर तर असिफशिवाय कोणी चालवलाच नव्हता. थिएटरात तो आवाज नव्हता. असिफने तो कधी ऐकलाच नव्हता.

"पण तुम्ही कोणीच त्या माणसाबद्दल मला कसं सांगितलं नाही?" चाचांनी विचारलं.

आयुष्यभर मी लोकांच्या चुका दुरुस्त करत आले. तो माझा धंदाच आहे. दुरुस्ती अगदी जिभेवर आली होती. मी म्हटलं, "आमचं लक्ष गोष्टीकडे होतं, चाचा."

मग मला घोर लागला तो म्हात्र्यांचा. हा माणूस दुकानात येऊन बोलून बसायचा. मी त्यांना एसटी स्टँडवर गाठलं आणि सगळं सांगितलं. चाचांनी विचारलं तर हो म्हणायचं, असा माणूस होता म्हणायचं. म्हात्र्यांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं. "मंग होताच की," ते म्हणाले. "शेवटपर्यंत होता."

चाचांनी नंतर तो प्रश्न कोणाला विचारला नाही. पुढे लोकांनी डिस्क घेणंच सोडलं, दुकानात मोबाइलची कव्हरं लटकली, आणि ती विकत घेणाऱ्याला काय मत विचारणार? चाचा तरीही स्टूल पुढे करायचे. गेल्या वर्षी झोपेतच गेले. मी मात्र अजूनही कोणताही पिक्चर एकटीने बघू शकत नाही. नावं सुरू झाली की उजव्या बाजूची जागा भरल्यासारखी वाटते आणि मी त्या बाजूला बघायचं टाळते.

परवा चाचींचा फोन आला. "सुमेधा, त्यांना आवडलेला तो पिक्चर मला एकदा दाखव. ते सारखे सांगायचे, पण मी कधी बघितला नाही." मी दुपारी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या भाच्याने टीव्हीवर ॲप टाकून दिलं होतं, त्यात पिक्चर सापडला. मी सगळी बटणं शोधून पाहिली. ॲपमध्ये नुसता पिक्चर होता. तो माणूस नव्हता.

सुरू केला. काळं आकाश, स्थानक, दिवे. चाची पदर सावरून बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "तो बोलणारा कधी येतो गं?"

"येईल आता," मी म्हटलं.

त्या वाट बघत राहिल्या. पडद्यावर माणसं ताटं मांडत होती, इंग्रजीत काहीतरी पुटपुटत होती. चाचींच्या चेहऱ्यावर हळूहळू एक शंका उतरत होती, ती मला दिसत होती. अजून थोडा वेळ गेला असता तर त्यांनी विचारलं असतं, आणि मग नवऱ्याने एवढी वर्षं कशावर तग धरला तेही त्यांना कळलं असतं. मी माझी खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली आणि आवाज शक्य तितका शांत ठेवून सुरुवात केली. "हे बघा, चाची. हा जो म्हातारा आहे ना, हा मुलाचं ताट झाकून ठेवतोय."

चाचींनी माझा हात धरला. "असाच बोलायचा?"

"असाच."

त्यांनी डोळे मिटून घेतले. पडद्याकडे नंतर त्यांनी पाहिलंच नाही. पिक्चर संपेपर्यंत मी बोलत राहिले.