वडिलांसाठी एक इंग्रजी शब्द

गेल्या महिन्यात आई गेली. भेटायला आलेल्यांशी काय बोलावं ते मला सुचत नव्हतं, आणि सारखे बाबा आठवत होते.

बाबा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. घरातही मोजकंच बोलायचे. नाशिकच्या आमच्या वसाहतीत अशा माणसाला शिष्ट म्हणत. जयंतीला विहारासमोर सतरंज्या अंथरायला ते सगळ्यांच्या आधी हजर, पण माइकवरून नाव पुकारलं की गर्दीत कुठेतरी गुडूप. शेजारचे मामा वसाहतीचे हक्काचे वक्ते. एकदा चारचौघांत म्हणाले, "परमनंट झाले ना, आता आपल्या माणसांत बसायची लाज वाटते साहेबांना." बाबा सतरंजीची घडी घालत राहिले. आईला मात्र ते फार लागलं.

पुढे मी कॉलेजात असताना, ऐंशीनंतर कधीतरी, मानसशास्त्राच्या पुस्तकात इंट्रोव्हर्ट हा शब्द भेटला. ग्रंथालयातल्या जाड कोशात त्याचं मूळ शोधलं. लॅटिनमधल्या 'आत' आणि 'वळणे' यांपासून तो झाला होता. आधी तो माणसांसाठी नव्हताच. चिंतनासाठी मन आत वळवणं, एवढाच त्याचा अर्थ होता. माणसांना तो फार उशिरा, मानसशास्त्राने लावला. आपल्याकडे होते घुमा, एकलकोंडा, माणूसघाणा. अंतर्मुख होता, पण कुणाच्या वडिलांना कुणी अंतर्मुख म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

घरी येऊन म्हटलं, "बाबा, तुमच्यासारख्यांना इंग्रजीत एक शब्द आहे."

"शिवी आहे का?"

"नाही."

"मग चालेल," म्हणाले आणि पेपर पुढे ओढला. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "मामांना सांग जाऊन."

त्याच हिवाळ्यात बाबा गेले. पुण्यानुमोदनाला वंदना झाली आणि रीतीप्रमाणे एकेक जण बाबांविषयी दोन शब्द बोलायला उठू लागला. "शांत स्वभावाचे होते," एवढं म्हणून लोक खाली बसत. मामांनी समाजाच्या एकजुटीवर लांबलचक भाषण केलं. त्यात बाबा एका वाक्यापुरते आले. आई माझ्याकडे बघत होती. लाजेचं ते जुनं वाक्य आज कुणी खोडलं नाही, तर बाबांच्या नावापुढे कायमचं राहणार होतं.

मी उठले. स्वभाव माझाही बाबांचाच, तरी पुढे गेले. तो शब्द सांगितला, त्याचा अर्थ सांगितला. "बाबा आत वळलेले होते," म्हटलं, "पण त्यांनी तुमच्याकडे पाठ कधी फिरवली नाही. सतरंज्या ते तुमच्यासाठीच अंथरायचे." पुढचं काही आठवेना. बसले.

लोक पांगल्यावर मामा मागे राहिले. वाकून सतरंजी उचलू लागले. "राहू द्या हो भाऊ, पोरं काढतील," आई म्हणाली. त्यांनी नुसती मान हलवली. दुसरं टोक मी धरलं. सगळ्या सतरंज्यांच्या घड्या होईपर्यंत मामा एक शब्दही बोलले नाहीत, आणि आईने त्यांच्यासाठी परत चहा टाकला.