फक्कीनं आखलेलं सहा कोनांचं घर

चौकोनी घर बांधायचंच नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. मी गणिताची बाई. आयुष्यभर फळ्यावर षट्कोन काढले, मग एकात राहून बघायला काय हरकत आहे? लातुरातल्या आमच्या प्लॉटवर सहा भिंतींचं घर, मधे मोकळा चौक, सगळ्या खोल्यांची तोंडं चौकाकडे. नवरा म्हणाला, "तिरक्या कोपऱ्यात कपाट कसं बसायचं?" म्हटलं, "तुम्ही आधी हो म्हणा, कपाटाचं मी बघते."

खरं कारण आई होती. वडील गेल्यापासून जळकोटला एकटीच राहायची. चल म्हटलं की तिचं ठरलेलं, "लेकीच्या घरी चार दिस यावं. कायमचं ऱ्हायला लाज न्हाई का वाटत?" आलीच तर खुर्चीच्या टोकावर बसायची. आपल्या खोलीत बसल्या बसल्या सगळी माणसं दिसली तर तिला परकं वाटणार नाही, असं मला वाटत होतं. पायाची आखणी होती त्या दिवशी तिला एसटीनं आणलं, तेही "नुसतं बघून जाते" या बोलीवर.

मिस्त्रीनं नकाशा उलटासुलटा करून बघितला. काटकोन तपासायचा त्याचा लोखंडी गुण्या इथं कुठंच बसेना. "बाई, हे काय भंगारात घालू का?" मी पदर खोचला. मधोमध खुंटी ठोकली, दोरीनं मोठा गोल काढला आणि तीच दोरी गोलावर सहा वेळा टाकली. सहाव्यांदा टोक पहिल्या खुणेवर बरोब्बर येऊन बसलं! "आयला, लईच भारी!" मिस्त्री म्हणाला. मी तर चक्क उडी मारली, या वयात.

चुन्याच्या पांढऱ्या फक्कीनं सगळ्या भिंतींच्या रेषा आखून मिस्त्री जेवायला गेला. आता पायाच्या रेषा सलग असतात, त्यात दारं नसतात. नवऱ्यानं पायानं फक्की पुसून स्वयंपाकघराला दार केलं, "मग चहा कुठून येणार?" झालं! मी आईच्या खोलीला दार केलं, मग मागचं. त्यानं न्हाणीचं केलं, मी देवघराचं, असं चालूच राहिलं. भाजी घेऊन चाललेली शेजारीण आत आली आणि तिच्या घराच्या बाजूनं एक दार पाडून गेली, साखर मागायला. आम्ही येड्यासारखे या दारातून त्या दारात. नवरा भिंतीतूनच निघाला तशी मी किंचाळले, "अहो, भिंत!" हसून हसून पोट दुखलं.

आई मात्र रस्त्यावरच उभी. "ये की आत," म्हटलं.

"मी काय करू आत? तुमचं घर हाय."

माझं हसू गेलं. "ती समोरची खोली तुझी," एवढंच म्हणाले.

मिस्त्री परत आला आणि त्यानं कपाळावर हात मारला. "जेवून येईस्तोवर अकरा दारं? घर बांधून राहिलो का चाळणी?" फक्कीचं घमेलं घेऊन तो एकेक दार बुजवायला लागला. आईच्या खोलीच्या दाराशी वाकला, तशी रस्त्यावरून आई ओरडली, "ओ मिस्त्री! ते ऱ्हाऊ द्या!"

ती तरातरा आली. रेषेबाहेर चपला काढल्या आणि दारातून आत गेली.

"आई, खाली मुरूम आहे, टोचेल," नवरा म्हणाला. "चपला घाला."

"घरात कुणी चपला घालतं व्हय, जावईबापू?"