शिळ्या पाण्यातले मासे

लढाई संपली आणि आमच्या घरात काचेची पेटी आली.

आमचे हे तेव्हा पुण्याच्या छावणीत हवालदार होते. कुणी गोरा साहेब विलायतेला परत निघाला, त्याचं सामान बांधायला ह्यांनी हातभार लावला, तेव्हा साहेबानं खूश होऊन ती पेटी ह्यांच्या गळ्यात मारली. गावातल्या दुसऱ्या शिपायांना लढाईवरून बूट मिळाले, घड्याळं मिळाली, एकानं तर सायकल आणली. आमच्या वाट्याला चारी बाजूंनी काच, तळाला पत्रा आणि आत काहीच नाही. सोबत दुधाच्या किटलीत पुण्याहून विकत घेतलेले थोडे लाल मासे होते. सांगलीच्या स्टेशनावरून बैलगाडीतून घोंगडीत गुंडाळून ती पेटी गावात शिरली, तेव्हा आत कुणीतरी आजारी माणूस असावं म्हणून लोकांनी वाट सोडली.

मी साताऱ्याची, फायनल पास. ह्या दोन गोष्टी मी त्या काळात कुणी विचारलं नाही तरी सांगत असे. सातवीची फायनल झालेली सून म्हणजे कृष्णाकाठच्या त्या उसाच्या गावात एक नवलच होतं, आणि ते नवल मलाच सर्वांत जास्त वाटायचं. मी विहिरीवर धुणं धुतानासुद्धा शुद्ध भाषेत धूत असे.

गावातल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण हवी होती. दिवाळीनंतर जागा भरायची होती आणि आसपास फायनल झालेली बाई मी एकटीच. मला ती नोकरी इतकी हवी होती की भाकरी थापतानाही मी समोर मुली बसल्यात असं समजून बोलत असे. ह्यांची हरकत नव्हती, पण ह्यांना विचारतो कोण. विचारायचं होतं मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना. आणि त्यांना विचारायची पद्धत अशी की, मी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना सांगायचं, त्यांनी मामंजींना सांगायचं, आणि उत्तर त्याच वाटेनं परत यायचं. सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायची रीत नव्हती. सगळे एकाच सोप्यात, तीन हातांच्या आत असलो तरी नाही.

मामंजींनी माझी मागणी ऐकली. मग नुकत्याच आलेल्या त्या पेटीकडं बघत आत्याबाईंना म्हणाले, "तिला म्हणावं, आदी ही मासं सांभाळून दाव. दसऱ्यापतोर एक जरी जिता ऱ्हायला, तर जा म्हणावं शाळंत. न्हाई ऱ्हायला, तर परत हा इषय काढायचा न्हाई."

आत्याबाईंनी माझ्याकडं वळून ते सगळं जसंच्या तसं पुन्हा म्हटलं आणि शेवटी आपल्या पदरचं "ऐकलंस?" घातलं.

मला हसू आलं. एवढीच परीक्षा? मी फायनलला आरोग्यशास्त्रात पहिली आले होते. त्या पुस्तकात पाणी शुद्ध करायच्या तीन मडक्यांचं चित्र होतं आणि ते मी डोळे मिटून काढू शकत असे. ह्यांची रजा संपली. जाताना मी विचारलं, साहेब त्याच्या माशांचं काय काय करायचा? हे म्हणाले, तळाला वाळू, त्यात पाणवनस्पती, पाणी गाळायची काहीतरी सोय, आणि पाणी स्वच्छ पाहिजे असं तो सारखं म्हणायचा. 'स्वच्छ' हा शब्द मी नको तेवढा मनावर घेतला.

नदीची वाळू आणून मी ती इतक्या वेळा धुतली की आत्याबाईंनी विचारलं, हिचा भात करायचा आहे का. घाटाजवळच्या संथ पाण्यातून रिबिनीसारख्या लांब पानांची वनस्पती उपटून आणली. ती कशी लावायची हे कुणाला माहीत नव्हतं, पण उसाच्या घरात लावणीचं अज्ञान कसं चालेल? मी वाळूत बोटानं सऱ्या पाडल्या आणि सरळ ओळीत लागण केली. मामंजी येता-जाता बघत होते. त्यांनी खांबाला उद्देशून सांगितलं की लागण बरी आहे, आता बांधबंदिस्ती तेवढी करावी.

मग तीन मडकी. लाकडी तिकटीवर एकावर एक, वरच्यात कोळसा, मधल्यात वाळू, खालच्यात खडे, प्रत्येकाच्या बुडाला भोक आणि भोकात कापडाची वात. पेटीतलं पाणी तांब्यानं काढून वर ओतायचं, ते थेंब थेंब गळत पुन्हा पेटीत. हे मी अगदी पुस्तकाबरहुकूम केलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते चांगलंच जमलं होतं. तळाचा गाळ ओढून काढायला घरात एक रबराची नळी सापडली. तिचं एक टोक पाण्यात घालून दुसरं तोंडानं ओढायचं, की पाणी आपोआप चालू होई. ती नळी मामंजींच्या आजारपणात मिरजेच्या दवाखान्यातून आली होती. तिचा तेव्हाचा उपयोग काय होता, हे आत्याबाईंनी मला बऱ्याच दिवसांनी, जेवताना सांगितलं.

इथवर ठीक होतं. मासे फिरत होते, मडकी ठिबकत होती, आळीतल्या बाया बघून जात होत्या. पण आमच्याकडं काय, साताऱ्याला काय, दिवस उजाडायचा तो कालचं पाणी ओतून देण्यानं. हंडे, घागरी, तांबे, सगळं पालथं करायचं, राखेनं घासायचं आणि ताजं पाणी भरायचं. रात्र ओलांडलेलं पाणी म्हणजे शिळं पाणी. ते म्हशीला चालतं, माणसाला चालत नाही. मग साहेबाच्या पेटीतल्या माशांना कसं चालेल? माझ्या स्वच्छतेत तर आरोग्यशास्त्राची भर होती.

म्हणून मी रोज पहाटे मासे घंगाळात काढी. पेटी रिकामी करी. काच राखेनं घाशी. ओळीतली रोपं उपटून एकेक पान बोटांनी निपटून धुई आणि पुन्हा लावी. मडक्यांतली वाळू पाण्यात उकळून काढी, कोळसा टाकून नवा भरी. मग विहिरीचं गार ताजं पाणी, आणि त्यात मासे सोडायचे. मासे दचकून कोपऱ्यात जात. मला वाटे, त्यांना स्वच्छतेचं अप्रूप वाटतंय.

पहिला मासा मेला तेव्हा मी म्हटलं, प्रवासाचा शीण. दुसरा मेला तेव्हा म्हटलं, सोबतीच्या दुःखानं. पाऊस सुरू झाला, विहिरीचं पाणी तांबूस झालं, तेव्हा घरच्या पाण्यात फिरवतो तशी पेटीतही तुरटी फिरवली. पाणी काचेसारखं दिसू लागलं आणि त्यात आणखी एक मासा उताणा पडलेला स्पष्ट दिसला. बेंदराला बैलांना पुरणपोळी घातली, तेव्हा ह्या मुक्या जिवांनी काय पाप केलंय, म्हणून त्यांनाही पुरणाचा गोळा सोडला. दुसऱ्या दिवशी पेटीला पुरण नासल्याचा वास, म्हणून मी दुप्पट घासलं.

मेलेला मासा मी परसात दोडक्याच्या वेलाखाली पुरत असे. त्या वर्षी दोडके लय आले.

मामंजी सकाळी तोंड धुऊन आले की आधी पेटीकडं बघत आणि मग सूर्याकडं. मासळी त्यांना आवडायची, ती ताटात. एका सकाळी उरलेल्यांकडं बघून ते आत्याबाईंना म्हणाले, "ह्या जोडीचं तर कालवणबी व्हायचं न्हाई." तेव्हा मला कळलं की खरोखरच दोनच उरलेत. दसरा अजून लांब होता. शाळेतल्या मुली भाकरीच्या पिठात मला दिसेनाशा झाल्या.

त्यात पंचमी आली. पंचमीला सासुरवाशिणीनं माहेरी जायचं म्हणजे जायचंच. मला न्यायला भाऊ मुराळी म्हणून दारात उभा राहिला आणि मला मात्र पाय उचलवेना. मी आत्याबाईंना बाजूला घेऊन सगळं समजावलं. पहाटे मासे काढायचे, पाणी ओतायचं, काच राखेनं, रोपं एकेक करून, वाळू उकळून. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग गळ्यातली तुळशीची माळ दोन बोटांनी धरून दाखवली.

"आगं, माझ्या गळ्यात माळ हाय. मी त्या मासळीच्या पाण्याला बोटबी लावायची न्हाई."

त्या कधी मासळीच्या भांड्यालाही शिवत नसत, हे मला माहीत होतं. पण फायनल पास माणसाला वाटतं की नीट समजावून सांगितलं की कुणीही ऐकतं. मी डोळे पुसत सर्व्हिस मोटारीत बसले. कोळशाच्या गॅसवर चालणारी ती मोटार वाटेत धापा टाकायची. त्या दिवशी ती आणि मी दोघी सारख्याच धापा टाकत साताऱ्याला पोचलो.

माहेरी चार दिवस राहून परतायचं होतं, पण मला थंडीताप आला. एक दिवसाआड हुडहुडी भरायची, मग अंगाची भट्टी. तापात मी राख मागत होते म्हणे. आई घाबरली. तिला वाटलं लेकीला डोहाळे लागले, आणि तिनं तशी बातमी आळीत फिरवलीही. ताप उतरून अंगात बळ येईतो सगळा भादवा गेला. मी मनानं दोन्ही मासे केव्हाच दोडक्याखाली पुरले होते. शाळेतली जागाही पुरली होती. परत निघाले ती घटस्थापनेच्या तोंडावर, आणि वाटेत एकच ठरवलं होतं, की पेटीकडं बघायचं नाही.

घरात शिरले. घटासाठी घर धुऊन निघालेलं, वाकळा-घोंगडी नदीवरून धुऊन आलेली, भांडी लखलखीत. सगळ्या घरात न धुतलेली एकच वस्तू होती. पेटीच्या खिडकीकडच्या काचेवर हिरवं शेवाळ चढलं होतं. माझ्या सऱ्यांचा मागमूस नव्हता. रोपं मनाला येईल तिथून फुटून पार वरपर्यंत गेली होती आणि पाण्यावर लांब पानं पसरली होती. कोपऱ्यात कुठून तरी आलेल्या गोगलगाई काच चाटत होत्या. पाणी किंचित पिवळसर, पण मी इतकी तुरटी फिरवूनही कधी नव्हतं इतकं नितळ. आणि त्यात दोन्ही मासे, पोटं सुटलेल्या सावकारांसारखे, पानांतून सावकाश फिरत होते.

पाणी लोणच्यासारखं मुरावं लागतं, वाळूत आणि कोळशात डोळ्यांना न दिसणारे जीव वस्तीला येतात आणि तेच माशांची घाण खाऊन टाकतात, हे मला फार पुढं कळलं. मी त्या जिवांना रोज पहाटे उकळून मारत होते. त्या दिवशी एवढंच समजलं, की मी नव्हते आणि हे झालं.

मी आत्याबाईंना विचारलं, तुम्ही काय केलंत? त्या म्हणाल्या, काहीच केलं नाही. फक्त मासे तहानेले असतील म्हणून रोज सांजेला तांब्याभर पाणी ओतत होते. तेही आपला तांब्या बाटू नये म्हणून लांबून, वरच्या मडक्यात. मडकी ठिबकत राहिली ती अशी. माशांना तहान लागते असं मानणाऱ्या बाईंना मी काय शिकवणार होते, आणि मला तरी कुठं जास्त कळत होतं?

दसरा उजाडला. संध्याकाळी मामंजी शिलंगणाहून परतले, आपट्याचं सोनं देऊन झालं, आणि सोप्यात बैठक बसली. मी पेटीपाशी पदर सावरून उभी राहिले. मनात भाषण तयार होतं.

मामंजी आत्याबाईंकडं बघून म्हणाले, "तिला इचार, ही जगली कशी?"

मी आत्याबाईंकडं बघून सुरुवात केली. कोळशानं वास जातो, वाळूनं गाळ अडतो, वनस्पतीनं हवा...

"आगं, काय सांगतीस?" आत्याबाई म्हणाल्या. "तू हुतीस कुठं? तू गेलीस आन् त्यास्नी बाळसं आलं."

मामंजींच्या मिशा हलल्या. "म्हंजी हिनं काय केलंच न्हाई. मग कसली पैज आन् कसली शाळा?"

मी माशांकडं बघत राहिले आणि मासे माझ्याकडं बघून, मी आता राख आणते की काय, म्हणून पानांआड गेले.

आत्याबाई पान लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मासा जिता ऱ्हायचा, अशी पैज हुती. जगवायचा कुणी, त्ये तुमी बोलला न्हवता."

"तरीबी."

"तरीबी काय? आन् रोज जेवल्याव भाकरीचा चुरा कोण टाकत हुतं त्यास्नी? सांगू का तिला?"

मामंजींनी डोक्यावरचा पटका काढला, उलगडून बघितला, पुन्हा गुंडाळला. मग त्यांनी एक अशी गोष्ट केली, की आत्याबाईंच्या हातातला कात खाली पडला. ते सरळ माझ्याकडं वळले आणि माझ्याशीच बोलले.

"जा बाई शाळंत. रोज जा. दिवसभर घराभाईर ऱ्हा. मासं जगलं, तसं आमीबी जगू."

नोकरी मिळाली होती. पण मला काय वाटलं असेल? अपमान. आरोग्यशास्त्रात पहिली आलेल्या बाईला घराबाहेर ठेवण्यासाठी नोकरी देतात? मी मान ताठ केली, मला नकोच तुमची शाळा, असं म्हणायला तोंडही उघडलं. तेवढ्यात दंडाला असा चिमटा बसला की डोळ्यांतून पाणी आलं.

"पाया पड आदी," आत्याबाई कानाशी म्हणाल्या. "मग काय रुसायचं त्ये रुस."

मी पाया पडले.