धर्माच्या मापाची काठी

धर्मा गेल्याचा निरोप आला तेव्हा त्याचीच काठी माझ्या बाकावर आडवी होती. पेन्सिलीची खूण करून मी करवत हातात घेतली होती. काठी दोन बोटं कमी करायची होती. आदल्या आठवड्यात तो स्वतः आणून देऊन गेला होता. "मेस्त्री, परत लांब वाटतेय," म्हणाला. काठी काही वाढत नाही, माणूस वाकतो. करवत लावणार एवढ्यात त्याचा पुतण्या दारात येऊन उभा राहिला. "धर्मातात्या गेले. सकाली खाजणाकडं निघाले व्हते, बांधावर बसले ते बसलेच." काठी माझ्याकडं पडलेली, तरी हा खाजणाकडं निघालाच होता... मी करवत खाली ठेवली.

मी कासूचा सुतार. शाळा तिसरीपर्यंत, पण माझ्या दांड्यानं कुणाच्या तळहाताला फोड आला असं कुणी म्हणून दाखवावं. धर्मा खाडीकाठच्या गावातला, मिठागरात राबलेला. त्याला एकच मुलगा, रमण. आमच्याकडं उधाणाचं पाणी चढून खाजणाच्या, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधाला खांड पडली की घरटी एक माणूस धावतो, हातोहात चिखलाची ढेकळं देऊन ती बुजवतात. त्या पावसाळ्यात रमण सगळ्यांच्या पुढं होता. पाण्यानं बांधाचा तुकडा नेला, त्याच्याबरोबर पोरालाही नेलं. होड्या फिरल्या, जाळी टाकली, काही हाती लागलं नाही. भटजी म्हणाले, पळसाच्या पानांचा पुतळा करा आणि त्याला अग्नी द्या, पोर मोकळं होईल. धर्माची बायको ताराबाय तयार होती. धर्मा अडून बसला. "पानं जालून माझा पोर सुटल काय? त्याच्या अंगावरचं कायतरी गावू दे, मग देतो अग्नी." रमणच्या कमरेला चांदीचा करदोडा होता, बापानंच पेणच्या सोनाराकडून घडवून घातलेला. धर्माला तो हवा होता.

रोह्याच्या पुढं कोकण रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हाची गोष्ट. रोह्याच्या एका भंगारवाल्याकडं मेटल डिटेक्टर आलाय असं धर्माच्या कानावर आलं. कुठल्याशा कंपनीनं जमिनीतले पाइप शोधायला आणलेला. आम्ही दोघं गाडीनं गेलो. खालची तबकडी आणि वरची पेटी धड होती, मधली नळी मोडलेली. येताना धर्मानं ते गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं, तान्हं मूल घेतात तसं. मी म्हटलं, नळीचं बघतो मी, दांडेच करत आलोय जन्मभर.

सागाचा दांडा केला, चार स्क्रूंनी तबकडी घट्ट बसवली आणि दोघं खाजणात गेलो. बटण दाबलं तशी मशीन ओरडायला लागली. धर्मा गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी चिखल उकरू लागला. "हितंच हाय मेस्त्री, हितंच." दोन पावलं सरकलो, तिथंही ओरडली. बांधावर चढलो, तिथंही. तेव्हा कळलं, माझेच स्क्रू ओरडत होते. सुतारानं लोखंड वापरायचं नाही हे मशीनवर कुठं लिहिलं नव्हतं. धर्मा चिखलाचे हात तसेच घेऊन बसून राहिला. दुसरा दांडा मी बांबूचा केला, लाकडी खुंट्या मारल्या, सुती दोरीनं आवळला. त्यात लोखंडाचा कण नव्हता.

पण महिन्याभरात त्याचा कोपर सुजला. चहाचा कप तोंडाशी नेता येईना. मी त्याला माझ्यासमोर अंगणात मशीन फिरवायला लावली आणि नुसता बघत बसलो. सगळा भार पुढं, तो मनगटावर येत होता. मग बॅटऱ्यांची पेटी मागं कोपराच्याही पाठीमागं नेली, म्हणजे काठी तोलाला आली. कोपर टेकायला लाकडाची वाटी कोरली, तिला आतून सायकलची ट्यूब लावली. मूठ नांगराच्या मुठीसारखी थोडी पुढं कलती केली, मनगट मोडू नये म्हणून. धर्मानं हात घालून बघितला. "आता काय जाणवतच नाय," म्हणाला. मला बरं वाटलं होतं तेव्हा.

मग तो रोज जायला लागला. ओहोटी लागली की धर्मा खाजणात. बांधावरून लोक ओरडायचे, "तात्या, सोन्याचा हंडा गावला की आमाला पण वाटा द्या." तो मान वर करायचा नाही. खाऱ्या चिखलात मशीन उगाचच बोलते, तरी प्रत्येक आवाजाला तो वाकून उकरायचा. होडीचे खिळे निघाले, डब्यांचे पत्रे निघाले, एकदा कुणाची तरी विळी निघाली. चांदी नाही निघाली. खाडीनं तोवर दोनदा वाट बदलली होती. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. दरवर्षी पावसाळा सरला की काठी घेऊन यायचा, मी बोटभर कापायचो.

बारावं झाल्यावर ताराबाय आली. बाकाशी उभी राहिली, काठीच्या वाटीवरून हात फिरवला. घामानं ती आतून काळी झालीय.

"भावजी, तुम्ही यी काठी येवढी चांगली कराला नको व्हती. हात दुकला आसता तर थांबले आसते. पोराचं क्रियाकर्म तरी झालं आसतं."

मी म्हटलं, "वैनी, वाईट दांडा मला करता येत नाही."

तेच खरं आहे आणि मी ते मागं घेणार नाही. मग तिनं पदर खोचला, हात वाटीत घातला, मूठ धरली आणि काठी जमिनीलगत फिरवून बघितली. ती धर्मापेक्षाही बुटकी.

"मना लांब होतेय," म्हणाली.

मी तिच्या मापाची खूण केली. धर्माच्या खुणेखाली. आता काठीवर दोन खुणा आहेत आणि ती बाकावर तशीच पडून आहे. माझ्या दुकानात घेतलेलं काम असं कधी पडून राहिलेलं नाही. ताराबाय दर बाजाराच्या दिवशी येते, दारातूनच बघते आणि जाते... ती गेली की मी करवत उचलतो आणि परत ठेवतो. कापली तर तिच्या हाताला ती चांगलीच बसेल, हे मला ठाऊक आहे. आणि कोपर दुखणार नाही.