सतरावी फळी

गुलाबराव मिस्त्री गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टुलावर उभा होतो. एका हातात पट्टी, दुसऱ्यात ताणलेला दोरा. पावसाळा संपला की आमच्या अमरावतीच्या घराच्या छपराखालच्या फळ्या किती वाकल्या, हे मी दरवर्षी मोजतो. "बाबा सकाळी गेले, काका," अकोल्याहून त्यांचा मुलगा म्हणाला. अकरा फळ्या मोजून झाल्या होत्या...

आमचं छप्पर भिंतीबाहेर तीन फूट आलेलं आहे. त्याच्या खालच्या बाजूला, गुलाबराव तिला छपराचं पोट म्हणत, चार वर्षांपूर्वी लाकूड लावायचं होतं. मी दुकानातून पाइनचा नमुना आणला होता; सरळ, गुळगुळीत, एक गाठ नाही. गुलाबराव तेव्हा सत्तरीचे. हात थोडा थरथरायचा, म्हणून वर्षभर कुणी काम दिलं नव्हतं. त्यांनी नमुना डोळ्यासमोर आडवा धरला, ठेवून दिला आणि मला अकोल्याला नेलं. तिथे कापसाची एक जुनी जिनिंग गिरणी पाडली होती. तिच्या छपराचं सागवान आवारात रचलेलं होतं. काळं पडलेलं, खिळ्यांच्या भोकांनी भरलेलं.

"हे भंगार माझ्या घराला?"

"भाऊ, यानं साठ उन्हाळे पायले. आता हे कायले वाकन? तुमच्या फळीनं अजून इकडचा मे महिना पायलाच नाही."

मी अट घातली : यातली एक जरी वाकली, तर सगळं काढून प्लास्टिक लावीन.

"आन् नाही वाकली त?"

"तुम्हीच सांगा."

"त घरी येईन त्याले माह्यं नाव सांगजा. लोक म्हणून राहिले, मिस्त्री संपला."

रंधा फिरला आणि काळ्या पापुद्र्याखालून नव्या गुळाचा रंग निघाला. फळ्या हव्या होत्या बेचाळीस, निघाल्या एकेचाळीस. जुनी मिळेपर्यंत थांबा, असं मिस्त्री म्हणत होते; मला घाई. उरलेली एक मीच बाजारातून नवी आणली. त्यांनी ती सतराव्या जागी ठोकली. "हे तुमची. माह्यात मोजजा नोका."

पहिल्याच पावसाळ्यानंतर ती वाकली. मी प्रामाणिकपणे फोन करून कळवलं, तर ते इतके हसले की ठसका लागला. बाकीच्या पाहून आमच्याच गल्लीतल्या तीन घरांनी त्यांना बोलावलं.

ते गेल्याचा फोन आला त्या दिवशी, फोन ठेवून मी पुन्हा स्टुलावर चढलो आणि राहिलेल्या एकतीस मोजल्या. अर्धवट काम त्यांना चाललं नसतं. चार उन्हाळे, चार पावसाळे झाले. एकेचाळीस फळ्यांवर दोऱ्याखालून कागदही सरकत नाही. सतरावी पाच मिलिमीटर वाकलेली आहे.

ती बदला, असं घरचे म्हणतात. मी बदलणार नाही. परवा वलगावचे व्याही आले. चपला काढता काढता त्यांनी वर पाहिलं.

"एक फळी वाकली पा तुमची."

"ती मी आणलेली."

त्यांची नजर पुढे सरकत गेली, भिंतीच्या टोकापर्यंत.

"आन् बाकीच्या कोनं लावल्या?"

मी नाव सांगितलं. पूर्ण, गावासकट.