रोट सगळ्यांना पुरेल असं गाव

आमचं गाव धरणगावजवळ, कापसाच्या पट्ट्यातलं. दिवाळीनंतर वेचणी जोरात आली की घरातली मागची खोली कापसाने छतापर्यंत भरायची. दार उघडलं की कापूस अंगावर यायचा. पोरांनी त्यात खेळायचं नाही असा दंडक होता, कारण कापूस तुडवला जातो आणि अंगाला खाज सुटते ती वेगळीच. पण दुपारी नाना, म्हणजे माझे वडील, शेतात असायचे आणि आई जरा पाठ टेकायची. तेव्हा मी आणि अक्का त्या ढिगावर चढून बसायचो आणि गाव वसवायचो.

अक्का माझी सख्खी आत्या, नानांची धाकटी बहीण. वयाने लहान असूनही नानासुद्धा तिला अक्काच म्हणायचे. शिरपूरकडे दिलेली होती. मूलबाळ झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी बायको केली आणि हिला 'चार दिवस माहेरी राहून ये' म्हणून एसटीत बसवून दिलं. ते चार दिवस कधी संपलेच नाहीत. कोर्टकचेरी झाली नाही, काडीमोड झाला नाही, भांडणसुद्धा धड झालं नाही. मला कळायला लागलं तेव्हापासून ती आमच्याकडेच होती. पहाटेपासून कामाला जुंपलेली, आणि तरी घरातला प्रत्येक माणूस आल्यागेल्याला सांगायचा, 'अक्का आलेली आहे ना सध्या.'

आमच्या कापसावरच्या गावाचे कायदे आम्ही दोघींनी केले होते. माझे कायदे पोरकट. त्या गावात गणित नाही. कापसाने खाज सुटत नाही. शाळा दहावीपर्यंत, तीही गावातच. एसटी हात केला की थांबते, कंडक्टर तोंड वाकडं करत नाही. अक्काचे कायदे मात्र फार विचारपूर्वक असायचे. सरकी काढता काढता ती एकेक सांगायची आणि मी मान डोलवायचे.

"आपला गावमा न्हानीले दार पाहिजे," ती म्हणायची, "आनि कडी आतून."

दुसरा कायदा असा की पाण्याच्या हंड्याला दोन कान पाहिजेत, म्हणजे दुसऱ्या बाईला एक बाजू धरता येईल. तिसरा, सांज झाली की कुणाही बाईने ओट्यावर नुसतं बसलं तरी चालेल, हातात काम नसलं तरी. यावर आम्ही बराच खल केला, कारण मला ते अशक्य वाटत होतं. आणि सगळ्यात मोठा कायदा तिने एके दिवशी अचानक सांगितला. "तठे कोनी कोनले पाहुना म्हनानं नही."

मी विचारलं, "मग कानबाई असेल का आपल्या गावात?"

"शे ना. कानबाई बिगर गाव ऱ्हास का?"

"मग रोट कोण खाणार?"

अक्काचा सरकी काढणारा हात थांबला. मग म्हणाली, "बठ्ठा खातीन. दार उघडं ठेईसन."

सगळे खातील, दार उघडं ठेवून, असं तिने का म्हटलं ते समजायला कानबाईचे रोट माहीत हवेत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, नाकात नथ, अंगावर दागिने. घर सारवलेलं, चुलीवर खीर, पुरणपोळी, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. पण खरं महत्त्व रोटाला. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू आणि हरभऱ्याची डाळ काढायची, ती दळायची आणि त्याचे रोट करायचे. ते फक्त भाऊबंदांनी आणि त्यांच्या बायकापोरांनी खायचे, दार लोटून घेऊन. बाहेरच्याच्या तोंडी कण जायचा नाही आणि पानात कण उरायचा नाही, नाहीतर घरातल्या पुरुषाच्या जिवावर बेततं असं मानतात. लेक लग्न होऊन गेली की तिचा रोट सासरी. आता अक्काला सासरच राहिलं नव्हतं. त्यामुळे कानबाईच्या दिवशी पहाटेपासून राबून, रोट थापून, भाजून, ऐन जेवणाच्या वेळी ती पदराला हात पुसत बाहेर ओट्यावर जाऊन बसायची. रोटाच्या पिठाला तिचा हात चालायचा, तोंड चालायचं नाही. कुणी तिला 'जा' म्हणायचं नाही. तिची तीच उठायची, आणि मला त्याचाच जास्त संताप यायचा.

ज्या वर्षी तिने तो 'बठ्ठा खातीन'चा कायदा केला, त्याच्या पुढच्या श्रावणात मी ठरवलं की आता बास. गाव वसवायचं तर कुठून तरी सुरुवात करायला हवी. कानबाईचं सगळं आमच्या भाऊबंदकीत मोठीआई बघायची. ती नानांच्या थोरल्या चुलतभावाची बायको. तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, देवीलाही तो मोडता आला नसता. ती सुपात गहू काढत होती. या पोराची मूठ, त्या पोराची मूठ, पाळण्यातल्या पोराचीसुद्धा मूठ. मी विचारलं, "अक्काची मूठ कुठे आहे?"

मोठीआई हसली. "बाईनी मूठ ऱ्हास का कधी?"

"मग ती कुणाच्या मुठीतलं खाते?"

"नवराना. तिनी मूठ तिना सासरले शे."

म्हणजे शिरपूरकडे कुठल्या तरी सुपात तिच्या नवऱ्याच्या नावाने गहू पडत होते आणि ते त्याची दुसरी बायको खात होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या वयात संताप करायचा कुणावर? मोठीआई डाळीकडे वळली तशी मी पोत्यात हात घातला, माझ्या हाताला मावले तेवढे गहू उचलले आणि मनातल्या मनात अक्काचं नाव घेऊन सुपात टाकले. पुरुषांच्या नावांत एका बाईचं नाव जाऊन पडलं. आभाळ कोसळलं नाही. मोठीआईने सूप उचललं, पाखडलं आणि दळायला पाठवलं.

रविवारी संध्याकाळी सगळे भाऊबंद पंगतीला बसले. अक्का बाहेर गेली. दार लोटलं गेलं. मी माझ्या पानातल्या रोटाचा अर्धा तुकडा फ्रॉकच्या ओच्यात घेतला आणि 'पाणी पिऊन येते' म्हणून बाहेर निसटले. अक्का ओट्यावर दुमडलेल्या गोणपाटावर बसून शेजारच्या म्हशीकडे बघत होती. मी तुकडा तिच्या हातात ठेवला.

"तुझाच आहे हा. मी तुझ्या नावाने मूठ टाकली होती."

मला वाटलं होतं तिला आनंद होईल. ती पांढरीफटक पडली. तुकडा तिने दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला आणि परत माझ्या ओच्यात टाकला.

"मी खाऊ नही. मन्हा भाऊले काही व्हई गयं तं? मी कोठे जाऊ?"

"पण आपल्या गावात तर सगळे..."

"तो गाव कापूसवर शे, माय," अक्का म्हणाली. "आठे ओटा शे. घरमा जाय, खाई ले."

मी आत गेले. पानात उरू द्यायचा नसतो म्हणून तो तुकडा मीच खाल्ला. घास फिरत होता तोंडात. आईने विचारलं, "रडतेस कशाला?" मी म्हटलं, मिरची लागली. गोड खिरीत कुठली मिरची, पण कुणी पुढे विचारलं नाही.

इथवरच झालं असतं तर अक्का आणि मी पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा कापसावर चढलो असतो. पण त्या हिवाळ्यात नाना बैलगाडी भरून धरणगावला कापूस घेऊन गेले. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग कोसभर लांब. मुक्काम करावा लागायचा, माणसं गाडीखालीच झोपायची. रांग पुढे सरकताना मागच्या गाडीचा बैल बुजला आणि नानांचा पाय दोन चाकांच्या मध्ये सापडला. हाड मोडलं. नीट बसलं नाही, आणि नाना कायमचे लंगडायला लागले.

अक्काने मला एका शब्दाने बोल लावला नाही. बोल लावला असता तर मी भांडले असते. तिने फक्त सोमवार धरले. आणि कापसाच्या खोलीत येणं बंद केलं. मी दारात उभी राहून हाक मारायचे, ती म्हणायची काम आहे. मला ओरडून सांगायचं होतं, अगं तू खाल्लाच नाहीस, बैल काय रोट बघून बुजतो का! पण तिच्या लेखी प्रश्न खाण्याचा नव्हताच. तिने तो कपाळाला लावला होता, आणि लावताना तिला तो हवासा वाटला होता, एवढं तिला पुरेसं होतं. न खाल्लेल्या घासाचं प्रायश्चित्त ती वर्षानुवर्षं करत राहिली आणि मी काहीही करू शकले नाही.

पुढे मी जळगावला कॉलेजात गेले. तिथे आदर्श समाजाची चर्चा भरपूर चालायची. फळ्यावर खडूने समता, न्याय वगैरे लिहून बाण काढले जायचे. मी एकदा उठून विचारलं की सर, या समाजात नवऱ्याने परत पाठवलेली बाई सणाच्या दिवशी कुठल्या पंगतीत बसते? वर्ग हसला. सर म्हणाले, प्रश्न तात्त्विक पातळीवर ठेवा. मग मीही तसाच ठेवला. वक्तृत्व स्पर्धेत 'माझ्या स्वप्नातला समाज' या विषयावर टाळ्या घेणारं भाषण ठोकलं. त्यात रोटाचा र नव्हता. बक्षीस म्हणून स्टीलचा तांब्या मिळाला, तो मी घरी नेऊन अक्काला दिला. तिने तो लख्ख घासून ठेवला. भाषण कशावर होतं ते तिने विचारलं नाही आणि मलाही सांगावंसं वाटलं नाही.

नव्वद साल उलटून गेल्यावर माझं लग्न झालं, धुळ्यात. मी स्वतः पसंत केलेला मुलगा, चांगला माणूस. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणाआधी सासरी चुलत सासरे वारले, त्यामुळे त्या वर्षी तिथे कानबाई बसली नाही. सासूबाई म्हणाल्या, जाऊन ये माहेरी. मी आनंदाने एसटीत बसले. खिडकीतून शेतं बघताना लहानपणासारखं वाटत होतं.

संध्याकाळी पंगत मांडली गेली. मी सवयीने आईशेजारी पाटावर बसायला गेले, तर आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझं ताट चुलीपाशी वेगळं काढलंय." त्यात पुरणपोळी होती, खीर होती, गंगाफळाची भाजी होती. रोट नव्हता. मोठीआई आता पार वाकली होती, पण आवाज तोच. फार प्रेमाने म्हणाली, "ती आते पाहुनी शे. पाहुनीले पुरनपोळी वाढा, तूप वाढा."

मी नानांकडे पाहिलं. त्यांनी आखडलेला पाय सरळ केला, चष्मा काढला आणि धोतराच्या टोकाने पुसत बसले. मला बोलता येत होतं. बक्षिसं मिळवली होती मी बोलून. वाद घालायचा म्हटला असता तर घालताही आला असता, पण कुणाशी? वाढणारी आई होती, तिच्याही नावाची मूठ सुपात कधी पडली नव्हती. सासरी रोट झाला नव्हता, माहेरचा माझा राहिला नव्हता. त्या वर्षी अख्ख्या खानदेशात माझ्या वाटचा रोट कुठेच नव्हता. मी उठले, पदराला हात पुसला. हे करताना माझ्या लक्षात आलं की हीच हालचाल मी लहानपणापासून बघत आलेय.

बाहेर ओट्यावर अक्का बसली होती. केस पिकलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. शेजारी माझा तो तांब्या. मला पाहून तिला नवल वाटलं नाही. गोणपाटाची घडी उलगडून तिने तो लांब केला आणि माझ्यासाठी जागा केली. आमच्या मागे कुणीतरी दार लोटलं.

हातात काम नव्हतं, दोघी नुसत्या बसलो होतो. मग तिने विचारलं, "पुढला साले बसाडतीन ना तुन्हा सासरले?"

"बसवतील."

"मंग पोटभर खाजो." थोडं थांबून, जरा लाजल्यासारखी, ती म्हणाली, "रोट कसा लागस वं? मी इसरी गऊ."

खरं सांगायचं तर आमच्याकडचा रोट जाडसर, फिका, आणि तरी त्या दिवशी त्याच्यासाठी जीव तुटावा असा. मी म्हटलं, "काही विशेष नाही, अक्का. फिका असतो. कोरडा. घशाखाली उतरत नाही."

तिने मान हलवली. समोरच्या गोठ्याकडे बघत बसली. आतून ताटं उचलल्याचे आवाज यायला लागले होते. मला वाटलं बोलणं संपलं. तेवढ्यात तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत जे गाव तिने तोंडातून काढलं नव्हतं, ते तिच्याकडे तसंच होतं.

"आपला गावमा," अक्का म्हणाली, "गूळ टाकसूत."