वाऱ्यावर कोल्हा बोलावणारे काका

काकांचं आडनाव कोल्हे नव्हतं, तरी विलायतेतल्या हॅरोच्या आमच्या मराठी मंडळात सगळे त्यांना कोल्हेकाकाच म्हणत. स्नेहभोजनात कुणी “काका, एकदा ऐकवा ना” म्हटलं, की ते श्रीखंडाची वाटी बाजूला ठेवत, पालथा पंजा ओठांना लावत आणि जखमी सशासारखं असं किंचाळत, की समोरच्यांच्या हातातली पुरी खाली पडे. मग शांतपणे म्हणत, “दुसऱ्याचं दुःख ऐकून कोल्ह्याला भूक लागते. मंडळात काही वेगळं नाही.”

मूळचे नागपूरचे. इथल्या हॉस्पिटलांत त्यांनी उभी हयात लोकांना भूल देण्यात घालवली आणि रिटायर झाल्यावर रीतसर परवाना काढून बंदूक घेतली. तासाभरावर टॉम नावाच्या मेंढपाळाची शेतं होती. वसंतात त्याची नवजात कोकरं कोल्हे उचलून नेत, म्हणून त्याने काकांना कोल्हे मारायची मोकळीक दिली होती. आमचे अध्यक्ष एकदा म्हणाले, “डॉक्टर, आपल्या संस्कृतीत हे बसतं का?” काका म्हणाले, “कोकराला विचारून सांगतो.”

काकांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काकूंनी त्यांच्या गाडीची किल्ली माझ्याकडे दिली. मी व्हिसावर आलेला पुण्याचा सॉफ्टवेअरवाला, रविवारी रिकामाच. वारा सुटला की बाकीचे शिकारी घरी बसत. काकांना मात्र नेमका तेव्हाच हुरूप येई. “वाऱ्यात आपली पावलं त्याला ऐकू येत नाहीत. पण हाकही लांब जात नाही. म्हणून जवळ जायचं, कुंपणाच्या आडोशाला बसायचं आणि वारा तोंडावर घ्यायचा. कोल्हा कानांनी येतो, पण निर्णय नाकाने घेतो.” त्या नाकापायी मला डिओडरंट बंद होता. स्वतः काका मात्र गुडघ्याला आयुर्वेदिक तेल चोपडून येत. त्याचा दर्प पाठीमागच्या गावापर्यंत जात असेल. मी एकदा भीत भीत सुचवलं, तर म्हणाले, “इंग्रज कोल्हा आहे. त्याला आयुर्वेद काय कळतोय!”

मार्चमधल्या एका दुपारी वारा नुसता घोंघावत होता. आदल्या दिवशीच टॉमची दोन कोकरं गेली होती. आम्ही आडोशाला बसलो. काकांनी हाक दिली, थांबले, पुन्हा दिली, आधीपेक्षा मोठ्याने. बऱ्याच वेळाने समोरच्या चढाखाली एक हडकुळी कोल्हीण आली आणि कान टवकारून उभी राहिली. काकांनी बंदूक उचलली. नळी हलत होती. त्यांनी कोपर गुडघ्यावर टेकवलं, तरी हलतच होती. मग त्यांनी बंदूक खाली घेतली आणि गोळ्या काढून ठेवल्या. कोल्हीण निघून गेली.

“वाऱ्यामुळे असेल, काका,” मी म्हटलं.

“वारा बाहेर आहे रे. हे आतून हलतंय.”

टॉमला त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं. तो म्हणाला, “वन बॅड डे, डॉक!” काकांनी मान हलवली आणि दुसरा माणूस बघ म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी बंदूक विकली आणि परवाना पोलिसांकडे जमा केला.

ही बातमी मंडळात पोहोचेपर्यंत काकांचं हृदयपरिवर्तन झालेलं होतं. “हिंसेचा त्याग” केल्याबद्दल अध्यक्षांनी त्यांना शाल-श्रीफळ दिलं. काका नारळ हातात धरून उभे राहिले. नारळही थरथरत होता.

“मी काही त्याग केलेला नाही. हात हलायला लागला, म्हणून थांबलो. नेम चुकला असता, तर ते जनावर तडफडून मेलं असतं. आपल्यातले कितीजण हात हलतोय, दिसत नाही, तरी गाडी काढून मोटारवे गाठतात? त्यांच्यापैकी कुणीतरी किल्ली खाली ठेवा आणि हा नारळ घ्या.”

अध्यक्ष ऐंशीचे होते. गेल्याच महिन्यात त्यांनी गाडी मागे घेताना हॉलचं कुंपण पाडलं होतं, आणि ते वाऱ्याने पडलं असं समितीने एकमताने ठरवलं होतं. नारळ कुणीच घेतला नाही.

पुढच्या सभेला अध्यक्ष वीस मिनिटं उशिरा आले. कोटावर पावसाचे थेंब होते, हातात बसचा पास होता. काकांनी शेजारची खुर्ची ओढून दिली.